चार इंची शेजार

शेजारच्या घरात कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी आमचा गॅस बंद करायला उठतो. आमच्या गॅसवर त्या वेळी काहीही नसतं. तरी उठतो. सुरुवातीला सौभाग्यवतीनं मला दोन-तीनदा परत बसवलं. आता तिनं नाद सोडला आहे. उलट परवा आमच्याच कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी कुणी जागचं हललं नाही, कारण आम्ही दोघंही 'शेजारचा असेल' म्हणून निवांत पेपर वाचत बसलो होतो. त्या दिवशी वरणाला जो खमंग वास आला तो मुद्दाम आणता आला नसता.

शिरूरला आम्ही राहतो त्या इमारतीत आमच्या आणि शेजारच्यांच्या मध्ये एक भिंत आहे, असं नकाशात दाखवलेलं आहे. नकाशा मंजूर झालेला असल्यामुळं ती असणारच. गणपतीची तसबीर लावायला मी तिच्यावर खिळा ठोकला तेव्हा पलीकडून "कोण आहे? उघडंच आहे!" असा आवाज आला, आणि भिंतीची जाडी मला कळली. चार इंच.

पलीकडं एक तरुण जोडपं राहतं. तो रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याशा कारखान्यात पाळीवर जातो. दुसरी पाळी असली की रात्री साडेबाराला मोटारसायकल येते, मग जिन्यावर चपला वाजतात, मग कुलूप, मग बादली, मग ताट. भाजी मनासारखी नसली तर तेही मला कळतं, कारण मग लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडतं. त्याच्या नोकरीची आणि पोटाची जेवढी माहिती मला आहे तेवढी त्याच्या आईलाही नसेल. आणि त्याला माझी किती असेल, हा विचार निदान तेव्हा तरी माझ्या मनात आलेला नव्हता. भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो. त्या कानाला दोन्हीकडून ऐकू येतं, हे विसरतो.

यातली गंमत अशी की आमची इमारत ज्या जागेवर उभी आहे तिथंच पूर्वी माझ्या आजोबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा वाडा होता. शिरूर हे नाव तेव्हा फक्त पोस्टकार्डावर लिहायचं. बोलताना सगळे घोडनदीच म्हणत. त्या वाड्याच्या भिंती अडीच फूट रुंद होत्या. खाली जोत्यापर्यंत काळा दगड आणि वर पांढरीचे भेंडे. पांढरी म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. आपल्याकडं गावाच्या जमिनीचे दोनच रंग. पिकते ती काळी, आणि जिच्यावर माणसं राहतात ती पांढरी. पिढ्यान् पिढ्यांची घरं पडून, चुलींची राख मिसळून, पाऊस झेलून वस्तीची माती पांढुरकी होते. तीच चिकट माती पुन्हा मळून, भेंडे पाडून, उन्हात वाळवून त्यांच्या भिंती रचायच्या, वरून भुस्सा-शेण घातलेला गिलावा. म्हणजे पणजोबांच्या पडलेल्या घरात नातवानं राहायचं, असा तो मामला.

त्या भिंतीच्या कोनाड्यात समई, पंचांग आणि तांब्याची घंगाळी एकामागं एक मावत. खिडकीच्या फळीवर मी पाय पसरून झोपत असे. आणि आवाज! माजघरात पाट्यावर पुरण वाटलं जात असताना ओसरीवर आजोबा झोपलेले असत. एकदा लपंडावात मी कोठीच्या खोलीत लपलो आणि तिथंच मला झोप लागली. सगळं घर दोन तास हाका मारत होतं, एक माणूस नदीवरही पाहून आला. मला एकही हाक ऐकू आली नाही. सापडल्यावर आजोबांनी जे दिलं ते मात्र वाड्याबाहेरही ऐकू गेलं असं म्हणतात.

अशा आठवणी सांगताना माणसाचा गळा भरून येतो आणि 'गेले ते दिवस' असं वाक्य जिभेवर येतं. पण ते मी गिळतो. कारण त्याच कोठीपलीकडच्या खोलीत आजोबांची बहीण राहत असे. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. ती रात्री रडायची, असं आई सांगायची. आईला माहीत, कारण लहानपणी आई तिच्या कुशीत झोपायची. बाकी घरात कुणालाच कधी ऐकू आलं नाही. अडीच फुटांच्या भिंतीचा हाही एक उपयोग होता.

पुढं वाड्याची एक बाजू खचली, मामांची मुलं पुण्याला स्थायिक झाली आणि जागा बिल्डरला गेली. भिंतींची माती ट्रॉल्या भरभरून शेतावर नेली गेली, कारण जुन्या पांढरीचं खत उत्तम. ज्या मातीनं शंभर वर्षं घरातलं सगळं बोलणं गिळलं तिच्यावर आता कांदे डोलत असतील. आणि तिच्या जागी आमची चार इंची भिंत!

पण बारीक भिंतीची मला सवय नव्हती असं नाही. माझं सगळं बालपण दौंडला गेलं. वडील रेल्वेत गार्ड. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही एस.टी.नं न्हावऱ्यावरून शिरूरला जात असू, म्हणजे आवाजाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. कारण दौंड हे गाव नव्हतंच. तो एक आवाज होता, त्याच्याभोवती माणसं राहत असत.

आगगाडी १८५८ मध्ये पुण्याला आली आणि पुढं सोलापूरच्या वाटेनं निघाली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा झाला आणि भीमेकाठचं हे गाव जंक्शन बनलं. इंग्रज स्पेलिंगात 'धोंड' लिहीत. ज्यांच्या उशाशी यार्ड होतं त्यांच्या मते ते बरोबरच होतं, कारण रात्रभर छातीवर कुणी धोंड आपटतंय असंच वाटे. त्यातून पुण्याकडून मनमाडला जाणारी गाडी दौंडला उलटी फिरवावी लागे. इंजिन या टोकाचं काढायचं, त्या टोकाला लावायचं. (आता बाहेरून कॉर्ड लाइन झाली आहे, बऱ्याच गाड्या दौंड स्टेशनात न शिरताच जातात.) इंजिन काढताना एक धडाका, लावताना दुसरा. मालगाडीचं शंटिंग सुरू झालं की पहिल्या डब्याचा दणका शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात आई आमचा वरणाचा वाडगा हातानं धरून ठेवी.

आमचे क्वार्टर एका ओळीत होते. दोन घरांमधली भिंत विटेचीच, पण ती कौलांपर्यंत जात नसे. पुरुषभर उंच जाऊन थांबे. वर सगळ्यांचं छप्पर एक, आढं एक आणि त्या आढ्याखालची हवाही एक. शेजारच्या ड्रायव्हरकाकांकडं लसणाची फोडणी पडली की शिंका आमच्या घरात. आमच्या घरी परवचा सुरू झाला की चुकलेला पावकी पलीकडून काकू दुरुस्त करीत.

म्हणजे तिथं सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. आणि तरी, आता आठवून पाहतो तेव्हा नवल वाटतं, कुणाला काहीच ऐकू आलेलं नसायचं. ड्रायव्हरकाका कधीमधी 'घेऊन' येत. त्या रात्री पलीकडं जे व्हायचं ते आढ्यावरून शब्दन् शब्द आमच्या पानात पडायचं. अशा वेळी वडील एकदम मोठ्यानं आम्हांला भूगोलातले प्रश्न विचारायला लागत. "बोल, भीमा कुठं उगम पावते?" भीमाशंकर हे उत्तर मला झोपेतही येत होतं, पण ते मोठ्यानं, दहादा द्यावं लागे. सकाळी काकू नळावर भेटल्या की आई म्हणे, "काल आमच्या पोरांच्या पाठांतराचा तुम्हांला त्रास झाला का हो?" काकू म्हणत, "छे! आम्ही लौकरच झोपलो." मला तेव्हा वाटे की मोठी माणसं सर्रास खोटं बोलतात. तो शेजार होता, हे कळायला पन्नास वर्षं गेली.

१९६४ च्या वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. आदल्या वर्षी चौदा कॅरटचा कायदा आलेला, सोनार हवालदिल, आणि आमचे वडील तर कायदा नसतानाही हवालदिल. लग्नाच्या आधी पंधरा-वीस दिवस एका रात्री आई-वडील कुजबुजत होते. आईनं पाटल्या काढून वडिलांच्या हातात दिल्या. "आधी हे लग्न पार पडू दे, मग सोडवू," वडील म्हणाले. आई म्हणाली, "माझं काही नाही हो. फक्त विहिणीसमोर ओके हात..." पुढं ती बोलली नाही. मी जागा होतो. आणि मालगाडी नेमकी त्या वेळी नव्हती.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरकाकू आल्या. पदराखाली काहीतरी धरलेलं. म्हणाल्या, "बाई, एक काम होतं. आमचे हे आठ-आठ दिवस लाइनवर असतात. मी घरात एकटी. हल्ली चोऱ्यामाऱ्या फार ऐकू येतात. या माझ्या पाटल्या महिनाभर तुमच्याकडं राहू देता? आणि ट्रंकेत नका ठेवू हो, ट्रंका आधी फोडतात. हातातच असू द्या. हातातलं कोण नेतंय!"

आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. तुमचा जीव निर्धास्त होत असेल तर ठेवते." त्या पाटल्या घालून आईनं विहिणीला घास भरवला. लग्न झाल्यावर पाटल्या परत गेल्या. चोऱ्याही थांबल्या असाव्यात.

मी मात्र पुढं कितीतरी दिवस उशाशी काठी घेऊन झोपत होतो.

मोठमोठ्या माणसांनाही हा भिंतीचा प्रश्न सुटलेला नाही, हे मी अलीकडं वाचलं तेव्हा बरं वाटलं. थॉमस कार्लाइल हा इंग्लंडातला जाडा लेखक. म्हणजे ग्रंथ जाडे. लंडनच्या चेल्सी भागातल्या त्याच्या घराला शेजाऱ्यांचे कोंबडे आणि पियानो यांचा उपद्रव होता. त्यानं १८५३ मध्ये घराच्या माथ्यावर एक निःशब्द खोली बांधायला काढली. दुहेरी भिंती, खिडक्या नाहीत, उजेड छतातून, छपरात हवेचे कप्पे. खोली झाली. जवळचे आवाज कमी झाले, आणि एरवी त्या आवाजांत बुडून जाणारे लांबचे आवाज, नदीवरचे भोंगे, चर्चच्या घंटा, आगगाडीच्या शिट्ट्या, वरून स्पष्ट ऐकू येऊ लागले. कोंबड्यांचा बंदोबस्त झाला तो निराळ्याच मार्गानं. कार्लाइलीणबाई शेजारी जाऊन बोलून आल्या. योगायोग पाहा, त्याच १८५३ सालच्या १६ एप्रिलला आपल्याकडं बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. म्हणजे तिकडं एक माणूस आवाज बंद करायला निघाला आणि इकडं दौंडच्या आमच्या आवाजाची मुहूर्तमेढ रोवली गेली.

पॅरिसला मार्सेल प्रूस्तनं १९१० मध्ये झोपायच्या खोलीला बाटलीच्या बुचाचं लाकूड, म्हणजे कॉर्क, मढवून घेतलं, आणि त्या बुचात बसून त्यानं कादंबरीचे खंडच्या खंड लिहिले. आपल्या पुण्यात जन्मलेल्या आर्देशीर इराणींची गोष्ट तर मला सगळ्यांत जवळची वाटते. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. तो १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिकमध्ये लागला. बोलपट काढायचा म्हणजे मुका आवाज नको, पण स्टुडिओ रुळांच्या शेजारी आणि आवाज अडवणाऱ्या भिंती कुठल्या? मग बरंचसं चित्रीकरण रात्री केलं, गाड्या बंद असतील त्या वेळात. म्हणजे भारतीय बोलपटाचं पहिलं वेळापत्रक एका अर्थी रेल्वेनं ठरवलं. इराणीसाहेबांनी स्टुडिओ मुंबईला काढला हे त्यांचं नशीब. दौंडला काढला असता तर आपण अजून मूकपटच पाहत बसलो असतो.

हे सगळं मी वाचलं ते ज्ञानासाठी नव्हे. भांडणाची तयारी म्हणून. एके रात्री साडेबाराची मोटारसायकल, जिना, बादली आणि लोणच्याची बरणी हे सगळं ऐकून झाल्यावर मी ठरवलं, बस्स. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मी मिळवले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सहा. नियमांत लाउडस्पीकर आहेत, फटाके आहेत. लोणच्याची बरणी मात्र नाही. तरी कागद हातात असला की आवाज चढतो. संध्याकाळी मी घरात उभं राहून भाषणाची तालीम केली. "काय समजता काय तुम्ही स्वतःला? ही धर्मशाळा आहे का?" इथपासून "कायदा आहे म्हटलं या देशात!" इथपर्यंत. सौभाग्यवती मटार सोलत होती. ती म्हणाली, "जरा हळू." मी म्हणालो, "हळू का? होऊ दे की कळायचं!"

ते कळलं. त्या रात्रीपासून मोटारसायकल फाटकापाशीच बंद होऊ लागली. जिन्यावर चपलांचा आवाज येईना. सकाळचा मिक्सर साताच्या आत लागेना. कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या दोन झाल्या, म्हणजे बिचाऱ्यांनी डाळ आधी भिजत घालायला सुरुवात केली असणार. आठ दिवसांनी तो जिन्यात भेटला. हसून म्हणाला, "काय काका, तब्येत बरी ना?" बाकी एक शब्द नाही. जसं काही भिंतीपलीकडं त्या संध्याकाळी कुणी नव्हतंच.

मी सौभाग्यवतीला म्हणालो, "पाहिलंस? न सांगता सुधारला." ती म्हणाली, "तुमची तालीमच प्रयोगापेक्षा रंगली होती. आणि एक विचारू? तुम्ही पहाटे पाचला भूपाळ्या लावता, रेडिओ लावता, घसा खाकरता. एक वाजता झोपलेल्या त्या पोराची ती पहाट असते की मध्यरात्र?" मी नियमाचा कागद काढून पाहिला. सहाच्या आत रात्रच होती. म्हणजे कायद्यानं गुन्हेगार मी निघालो होतो, आणि फिर्यादी दोन वर्षं उशी डोक्यावर घेऊन गप्प पडलेला होता.

मग मी खरोखरच भिंतीच्या मागं लागलो. पहिला प्रयोग अंड्यांच्या ट्रेंचा. कागदी लगद्याचे ते ट्रे भिंतीला चिकटवले की आवाज बंद होतो असं मला एका जाणत्यानं सांगितलं होतं. ज्या घरात अंड्याचं नाव काढायची चोरी, तिथं देवाच्या भिंतीवर मी चाळीस ट्रे लावले. आलेला प्रत्येक पाहुणा आधी ट्रेंकडं, मग आमच्याकडं पाही आणि चहा नको म्हणे. परिणाम एवढाच झाला की खोलीत आमचे आवाज जरा बसल्यासारखे वाटू लागले. शेजारची बादली होती तशीच.

माझा भाचा आर्किटेक्ट आहे. तो आला, हसला, आणि त्यानं मला वॉलेसची गोष्ट सांगितली. मला वाटलं, आमच्या शिरूरचा वॉलेस. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसचं थडगं आमच्या गावात आहे. लोक त्याला सत्पुरुष म्हणत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत, असं १८८५ च्या गॅझेटियरातही नोंदलेलं आहे. पण हा दुसरा. वॉलेस सबाइन, अमेरिकेत हार्वर्डला प्राध्यापक. १८९५ मध्ये त्याच्याकडं एक नवं व्याख्यानगृह सोपवलं गेलं, कारण तिथं वक्त्याचा शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. पहिलं वाक्य संपेपर्यंत पाचवं त्यात मिसळे. सबाइननं रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, एकेक मांडून घुमणं मोजायचं आणि उजाडायच्या आत परत नेऊन ठेवायच्या, असं कितीतरी रात्री केलं. त्यातून त्याचं शास्त्र उभं राहिलं. एक वॉलेस शिरूरला शांत झोपला आहे आणि दुसऱ्यानं झोपमोड करून शांतता मोजायला शिकवली.

"पण मामा," भाचा म्हणाला, "गाद्यांनी खोलीतलं घुमणं कमी होतं. भिंतीतून पलीकडं जाणारा आवाज नव्हे. तो अडवायला लागतं वजन." मग त्यानं हिशेब मांडला. चार इंची विटेची भिंत, दोन्हीकडून नीट गिलावा केलेली, साधारण ४५ डेसिबल अडवते. नऊ इंची केली, म्हणजे वजन दुप्पट केलं, तर ५०. वजन दुप्पट आणि फायदा पाचाचा! पुढं पुन्हा दुप्पट करा, पुन्हा पाच. पगारवाढीचा हिशेब केलेल्या माणसाला हे चटकन कळतं. आजोबांच्या अडीच फुटांची जादू ती हीच. त्या भिंतीनं काही विशेष केलं नव्हतं, ती फक्त जड होती.

आमची भिंत हलक्या ठोकळ्यांची, त्यामुळं मुळातच कमी. शिवाय तिच्यात आमचं आणि शेजारचं विजेचं बटण अगदी पाठीला पाठ लावून बसवलेलं. आवाजाला पाण्यासारखी फट लागते. भिंतीच्या शंभराव्या भागाएवढं जरी भोक राहिलं, तरी बाकी भिंत किल्ल्याची असली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. म्हणजे आम्ही दोन्ही घरं दोन वर्षं एकमेकांशी बटणाच्या डबीतून बोलत होतो.

उपाय त्यानं सांगितला तो असा. जुन्या भिंतीपासून इंचभर सुटी अशी पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट उभी करायची. तिच्यात दगडी लोकर भरायची. काळा पाषाण भट्टीत वितळवून त्याची लोकर काढतात. सह्याद्रीचा दगड असा मऊ होतो हे ऐकून मला भरून आलं. वरून जिप्सम बोर्डाचे दोन थर, कडांची फटन् फट बुजवायची. मुख्य अट एकच. नव्या भिंतीनं जुनीला कुठंही शिवायचं नाही. एक खिळा आरपार गेला तर सगळं वाया. मी म्हणालो, "म्हणजे सोवळ्यातली भिंत." सौभाग्यवतीला हे शास्त्र तत्काळ पटलं. तिनं मिस्त्रीवर चार दिवस जी नजर ठेवली तशी मोठ्या जावेनं तिच्यावर ठेवली नसेल.

शांतता बसवायला चार दिवस ड्रिल चालू होतं. इमारतीतल्या सगळ्यांनी ते सोसलं. पाचव्या दिवशी शेजारचा तो दारात आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काका, भिंत दोघांची आहे. झोप माझीही सुधारणार. खर्च निम्मा माझा."

आता एक सांगायचं राहिलं. महिनाभर आधी रात्री, ताट मांडून झाल्यावर, तो बायकोला हळू आवाजात सांगत होता की ओव्हरटाइम बंद झाला आहे, गाडीचा हप्ता या महिन्यात कसा भरावा कळत नाही. ती म्हणाली होती, "कुणाला कळू देऊ नका." जुन्या चार इंची भिंतीनं हे शेवटचं काम केलं होतं.

मी म्हणालो, "खर्च कसला? मिस्त्रीकडं माझं जुनं येणं होतं. पैसे काही सुटत नव्हते, म्हणून काम करून घेतलं. सामानही भाच्याच्या एका कामावरचं उरलेलं. फेकूनच देणार होते." यातलं एकही अक्षर खरं नव्हतं. आत स्वयंपाकघरात सौभाग्यवतीच्या हातातला चमचा पडला.

त्यानं माझ्याकडं क्षणभर पाहिलं. नव्या पांढऱ्या भिंतीकडं पाहिलं. मग म्हणाला, "हो का? बरं झालं मग." दौंडला आई जशी "बरं" म्हणाली होती, अगदी तसं.

खोली आता पाच इंचांनी लहान झाली आहे. कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही. उजवीकडचे शर्ट मी वर्षभर घातलेले नाहीत. रात्री साडेबाराला तो येतो की नाही हे कळत नाही. माझ्या भूपाळ्या मात्र मी साडेसातवर नेल्या आहेत. भिंत झाली म्हणून लगेच पाचला सुरू कराव्या असं वाटलं नाही.

भाच्यानं विचारलं, "मामा, स्वयंपाकघराचीही भिंत करून टाकायची का? हात लागलाच आहे." मी म्हणालो, नको. तेवढी चार इंचच राहू दे. पलीकडं बाई दिवसभर घरात एकटीच असते. इकडंही आम्ही दोघंच, त्यातला एक गुडघ्यानं अधू आणि एक कानानं पक्का.

परवा दुपारी पलीकडं तिसरी शिट्टी झाली. बऱ्याच दिवसांनी तीन झाल्या. ओव्हरटाइम पुन्हा सुरू झाला असावा, डाळ भिजत घालायला वेळ मिळाला नसावा, असा मी अंदाज केला. आणि उठून आमचा गॅस बंद करून आलो.